तळाचं पाणी वर्षभर कसं मोजावं?

प्रश्न : आमच्या मच्छीमार संस्थेचा तलाव डोंगरांच्या मधात आहे. दिवाळीत १४ मीटर खोल, मे अखेरीस ८ मीटर. मृगाच्या पहिल्या गार पावसानंतर पहाटे मासे तरंगतात. दुपारी डोंग्यातून मीटर सोडला तर वर ऑक्सिजन ठीक दिसतो. तळाची नोंद वर्षभर आपोआप ठेवता येईल का?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : येईल. दुपारचं वरचं माप फसवं असतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या पाण्यावर झाकणासारखं बसतं. खाली पालापाचोळा कुजतो, ऑक्सिजन संपतो, पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. गार पाऊस, वारा आला की तेच पाणी वर मिसळतं. अमेरिकेतला ५०१ मीटर खोल ताहो तलाव तळापर्यंत दरवर्षी ढवळला जात नाही. तुमचा मात्र एका रात्रीत ढवळू शकतो. ऑक्सिजन सर्वांत कमी पहाटे असतो, म्हणून नोंद दर तासाला हवी.

खरी अडचण लॉगरची (माप आपोआप नोंदवून ठेवणाऱ्या छोट्या यंत्राची) नाही, ते ज्या दोरीला बांधायचं तिची आहे. पाणी ६ मीटर उतरतं. दिवाळीत वरपर्यंत ताणून बांधलेली दोरी मे महिन्यात सैल पडते, आडवी होते, आणि कोणतं माप किती खोलीचं तेच कळत नाही. म्हणून दोन दोऱ्या लावा.

पहिली तळातून वर : ३० किलोची चपटी सिमेंट लादी (गोल दगड गाळात रुततो; पाण्यात लादीचं वजन १७-१८ किलोच भरतं), ८ मिलिमीटरची पॉलिस्टर दोरी, ६ मीटरवर फ्लोट, जो दोरी वर ताणून धरतो पण स्वतः पाण्याखालीच राहतो. नायलॉन ताणतो, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. गाळापासून १, ३ आणि ५ मीटरवर तापमानाचे लॉगर, १ मीटरवर ऑक्सिजनचा ऑप्टिकल (प्रकाशाने मोजणारा) लॉगर.

दुसरी तरंगत्या फ्लोटला खाली लोंबणारी, ४ मीटरची, टोकाला २ किलो वजन. तिथे दुसरा ऑक्सिजन लॉगर. फ्लोटला वेगळ्या २० मीटर दोरीने लंगर. दोन्हींमध्ये ३० मीटर अंतर ठेवा, नाहीतर गुंततात. जाळं टाकणाऱ्या प्रत्येकाला जागा दाखवून ठेवा.

पाण्यातून मोबाइलचे सिग्नल जात नाहीत. थेट माहितीसाठी केबल वर आणावी लागते आणि आधी तीच तुटते. पहिलं वर्ष साध्या लॉगरवरच काढा.

सेन्सरवर बुळबुळीत थर चढला की आकडे हळूहळू सरकतात, एकदम चूक दिसत नाही. उन्हाळ्यात महिन्याला मऊ ब्रशने, साध्या पाण्याने धुवा. स्पिरिट लावू नका. मग लॉगर पाण्याच्या बादलीत ठेवून मत्स्यटाकीचा हवेचा पंप अर्धा तास चालवून ऑक्सिजन तपासा : २५ अंशांना तुमच्या भागात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम यायला हवं. लॉगरचं झाकण लावताना रबरी रिंगवर सिलिकॉन ग्रीस लावा. एक केस अडकला तरी पाणी आत शिरतं. नोंदी दर तीन महिन्यांनी उतरवा.

मे महिन्यात ४ मीटरवरचा ऑक्सिजन पहाटे ३ मिलिग्रॅमखाली जाऊ लागला, तर मोठा मासा रोहिणी नक्षत्रातच काढून घ्या.