लोकांना स्वच्छ वीज हवी असते, मग गावाजवळ पवनचक्की किंवा सौर प्रकल्प आला की विरोध का होतो?

‘आपल्या दारात नको’ एवढंच कारण मानणं मला अन्यायाचं वाटतं. आवाज, पात्यांची फिरती सावली, गायरान जाणं हे त्रास खरेच आहेत. पण खरा राग येतो तो सगळं ठरल्यावर गावाला कळवलं जातं तेव्हा. जमीन भाड्याने देणाऱ्याला पैसे मिळतात, शेजाऱ्याच्या वाट्याला फक्त आवाज.

नॉर्वेतलं फोसेन बघा. सामी या तिथल्या मूलनिवासी लोकांच्या रेनडिअर चराईच्या भूमीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले, पण तोवर पाती फिरायला लागली होती! आधी ऐकून घेतलं असतं तर?

उलट कोपनहेगनजवळच्या मिडलग्रुंडेनमध्ये समुद्रातल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या ८,००० हून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. डेन्मार्कने २००९ च्या कायद्याने प्रकल्पाचे किमान २० टक्के हिस्से स्थानिकांना विकत घेण्यासाठी देऊ करणं बंधनकारक केलं होतं. हिस्सेदारीने सगळा विरोध मिटत नाही, खासकरून चराऊ जमीनच जात असेल तर. तिथे जागाच बदलायला हवी.