विद्यापीठाला कार्बन न्यूट्रल व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

झाडं लावण्यापासून नाही, हिशेबापासून. आधी एक आधारवर्ष, म्हणजे पुढची घट ज्याच्याशी ताडून पाहायची ते वर्ष, ठरवा आणि उत्सर्जन तीन भागांत मांडा: कॅम्पसवर जळणारं इंधन (बॉयलर, जनरेटर, गाड्या), विकत घेतलेली वीज, आणि बाकी सगळं, म्हणजे विमानप्रवास, खरेदी, रोजची ये-जा. एसीतून गळणारा वायू बहुतेक जण विसरतात. आर-४१०ए हा एसीतला वायू एक किलो गळला की साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका फटका बसतो, म्हणून सिलिंडर रिफिलच्या नोंदी मागवाच.

मग प्रयोगशाळांकडे वळा. फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट, थंड किंवा गरम केलेली हवा दिवसरात्र बाहेर फेकत असतं. काम नसताना त्याची काच खाली ओढा. पण हवेचा प्रवाह आपोआप कमी करणारी यंत्रणा नसेल तर नुसत्या काचेने फारसं काही वाचत नाही. अशी यंत्रणा असेल तर प्रवाह २० टक्क्यांनी घटला की पंख्याची वीज जवळपास निम्मी होते. उणे ८० अंशांचे फ्रीजर, नमुन्यांना चालत असेल तर, उणे ७० वर ठेवा. इमारतवार मीटर नसतील तर यातलं काहीच सिद्ध करता येणार नाही.

सोलर त्यानंतर. छतावरच्या विजेची प्रमाणपत्रं, म्हणजे ती हरित असल्याचा दावा करण्याचा हक्क, विकलीत, तर ती वीज हरित म्हणून स्वतःच्या खात्यात धरता येत नाही. ही चूक सर्रास होते.

ऑफसेट, म्हणजे दुसरीकडे झालेल्या उत्सर्जनकपातीचं विकत घेतलेलं श्रेय, अगदी शेवटी, उरलेल्या उत्सर्जनापुरतेच घ्या.