‘माझा गट’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आहे : इंडिव्हिज्युअलिझम-कलेक्टिव्हिझम, म्हणजे माणूस स्वतःला आधी धरतो की आपल्या माणसांना, हे मोजणाऱ्या प्रश्नावलीचे मराठी करताना ‘व्यक्तिवाद-समूहवाद’ लिहावे का, आणि ‘ग्रुप’ला ‘गट’ चालेल का?

‘-वाद’ लागला की आपल्याला मत किंवा पंथ ऐकू येतो. इथे मोजायचा असतो तो कल, म्हणून ‘व्यक्तिकेंद्री’ आणि ‘समूहकेंद्री’ बरे. ‘आत्मकेंद्री’ नको, त्यात दूषण आहे. ‘व्यक्तिनिष्ठ’ही नको, तो ‘वस्तुनिष्ठ’चा विरुद्धार्थी. (सुटा ‘व्यक्ती’ दीर्घ, समासात ऱ्हस्व.) विशेषण देशाचे की माणसाचे, हेही सांभाळा. देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे डच अभ्यासक हॉफस्टेड यांच्या मूळ मोजणीत व्यक्तिकेंद्रीपणासाठी अमेरिकेला ९१ आणि भारताला ४८ गुण होते, पण ते देशांचे. त्यावरून एकट्या माणसाचा कल सांगता येत नाही.

खरी अडचण ‘गट’ या शब्दाची. मानसशास्त्रज्ञ ट्रायँडिस आणि गेलफंड यांच्या १९९८च्या प्रश्नावलीतल्या सोळा विधानांत ‘माझ्या ग्रुप्सनी घेतलेल्या निर्णयांचा मान राखणे मला महत्त्वाचे वाटते’ अशा अर्थाचे एक विधान आहे. तिथे ‘माझा गट’ लिहिलेत की कुणाला बचत गट आठवतो, कुणाला पक्षातली गटबाजी. उलट भाषांतरात, म्हणजे मराठीचे परत इंग्रजी करून ताडून पाहताना, ही चूक सापडत नाही, कारण ‘गट’चा परत ‘ग्रुप’च होतो. ‘आपली माणसं’ हा आपला जिवंत शब्द आहे, पण त्यात सहकारी येतीलच असे नाही. म्हणून सूचनेतच सांगावे : ‘माझी माणसे म्हणजे घरचे, मित्रमंडळी, कामावरचे सोबती’, आणि तोच शब्द शेवटपर्यंत ठेवावा.

त्याच सोळांतल्या ‘दुसऱ्यांपेक्षा स्वतःवर विसंबणे पसंत’ या विधानाला ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ लावू नका. त्या वाक्प्रचारातच शाबासकी आहे, त्याला नाही कोण म्हणेल? शिवाय ‘पसंत करतो/करते’ अशी तिरकी रेघ पानभर येते. ‘मला स्वतःवर विसंबणे अधिक पसंत आहे’ असे लिहिले की लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

इंग्रजी ‘वुई’चे काय? याच विषयावरच्या १९९५च्या बत्तीस विधानांच्या प्रश्नावलीत म्हाताऱ्या आईवडिलांना घरी ठेवण्याबद्दल एक विधान आहे. ‘आम्ही’ लिहिले तर वाचणारा बाहेर राहतो. ‘आपण ठेवले पाहिजे’ लिहिले तर ते ‘तुम्ही ठेवा’ असा आदरार्थी उपदेशही वाटू शकते, कारण क्रियापद दोन्हीकडे तेच. कर्त्याचे सर्वनामच गाळावे : ‘वृद्ध आईवडिलांना आपल्याजवळ, घरीच ठेवावे.’

छापण्याआधी आठ-दहा जणांना प्रत्येक विधान वाचायला देऊन विचारा, ‘यातली माझी माणसे म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर कोण आले?’