खुर्चीचा पाय आणि वास्तूचं तथास्तु

‘डोक्यात नको नको ते विचार येतात, ते थांबवायचे कसे?’ बेळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न ऐकला नाही असा माझा आठवडा जात नाही. खानापूरहून येणारा बारावीचा मुलगा हेच विचारतो, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी हेच विचारतात आणि कॅम्पातली फौजीची बायकोही हेच विचारते. खरी गोम त्या ‘थांबवायचे’मध्येच आहे, पण नुसतं सांगून ते कुणाला पटत नाही. म्हणून एका मावशींची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी वडगावच्या. घरात दोन यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. पहिल्या दिवशी खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, “मला धारवाडला पाठवणार काय वो?” धारवाड म्हटलं की खरं तर पेढा आठवायला हवा, विद्यापीठ आठवायला हवं. आमच्या भागातल्या माणसाला मात्र आधी वेड्यांचं इस्पितळ आठवतं. तिथं आज डिमहान्ससारखी मानसिक आरोग्याची संस्था आहे, पण भीती आजीच्या काळातलीच.

“नाही पाठवत. काय होतंय ते सांगा.”

मुलगा होनग्याच्या एका कारखान्यात. दुसरी पाळी संपवून हमरस्त्यानं मोटारसायकलवर येतो, घरी पोचायला रात्रीचे साडेबारा होतात. मावशी अकरापासून दारात. फोन उचलला नाही की छाती धडधडते, हातपाय गार पडतात. “मी रोज रात्री मनातल्या मनात सिव्हिलला जाऊन येतो, मॅडम. रडूनबी होतं. मग गाडीचा आवाज येतो.” (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘जातो, येतो’ असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते.)

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड होते, असाच घाम सुटतो. ते न तपासता मनाच्या मागे लागणं मला पटत नाही. रिपोर्ट चांगले आले.

दुसऱ्या भेटीत मी माझं ठेवणीतलं गणित काढलं. महिन्याला पंचवीस रात्री, तीन वर्षं, म्हणजे 900 रात्री. “900 वेळा तुम्ही सिव्हिलला जाऊन आलात. पोरगं किती वेळा घरी आलं?”

“रोज आलं की.”

“मग?”

“मग काय? मी काळजी केलो म्हणूनच आलं की!”

मी गप्प झाले. इतकी वर्षं हे गणित मी लोकांपुढे मांडत होते आणि त्यातली फट मला एका विणकर बाईनं दाखवली. त्यांच्या लेखी काळजी हा आजार नव्हताच, ते राखणीचं काम होतं. राखणदाराला ‘झोप जा’ म्हटलं तर तो का ऐकेल?

“असं असेल तर कराच काळजी. थांबवायची कशाला?”

“खरं, वाईट विचार केला की वास्तू तथास्तु म्हणते नव्हं? सासूबाई सांगायच्या.”

आता तिढा नीट दिसला. विचार केला तर वास्तू तथास्तु म्हणणार आणि विचार सोडला तर पोराची राखण सुटणार. दोन्हीकडून कोंडी. मावशींना भीती हमरस्त्यावरच्या ट्रकची कमी आणि स्वतःच्या विचारांची जास्त होती. आपल्या मनात आलेल्या गोष्टीत जगाला हलवायची ताकद आहे, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हणसुद्धा त्या भविष्यासारखी ऐकत होत्या. ती म्हण एवढंच सांगते की आपलं मन वैऱ्यापेक्षा भयंकर कल्पना करतं. कल्पना खरी होते असं ती कुठं म्हणते?

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “माझ्या या खुर्चीचा पाय मोडू दे, असं वास्तूला दहा वेळा सांगा.”

“छे छे! तुम्ही बसलाय की वो तिच्यावर.”

“म्हणूनच सांगा.”

त्यांनी हात जोडले. दोन मिनिटं गेली. मग खाली बघत, ओठातल्या ओठात, “मोडू दे.” माझ्याकडे चोरून बघितलं. मी बसलेलीच. पाचव्या वेळेला आवाज जरा चढला, आठव्याला त्यांना हसू फुटलं. दहा झाल्यावर मी मुद्दाम दोनदा खुर्चीवर आदळून दाखवलं. पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा नमस्काराआधी खुर्चीच्या पायाकडे बघितलं!

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी आहे, हे लपवत नाही. त्रास प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतींतून होतो, असं मानणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी त्यानं 1955च्या सुमारास सुरू केली. पण त्याच्या सिद्धांतापेक्षा मला त्यानं स्वतः सांगितलेला तरुणपणचा प्रसंग जवळचा वाटतो. मुलींशी बोलायला घाबरणारा हा एकोणीस वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात महिनाभर जात राहिला आणि 100 मुलींशी स्वतःहून बोलला. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. तरी भीती गेली, कारण आभाळ कोसळलं नाही हे त्यानं अंगानं अनुभवलं. मावशींची खुर्ची तेच काम करत होती.

राहिली राखण. तिच्यासाठी एक प्रयोग ठरवला. सोमवार, बुधवार, शुक्रवारी दारात उभं राहून मनसोक्त काळजी करायची. मंगळवार, गुरुवार, शनिवारी आत बसून मागाच्या सुताच्या कांड्या भरायच्या. विचार आला तर येऊ द्यायचा, हाकलायचा नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, फोन लावायचा नाही. पहिला मंगळवार त्यांना फार जड गेला. तीन आठवड्यांनी, तो कधी आला ते लिहिलेली वही आणली. पोरगं सगळ्या दिवशी त्याच सुमाराला आलं होतं. “काळजीच्या दिवशी उलट दोनदा उशीर केलाय की भाड्यानं!” (ही आमच्याकडची लाडातली शिवी.)

त्याच भेटीत मी सहज विचारलं, “गाडीचा पुढचा दिवा बरा आहे ना?”

मावशी थांबल्या. “दोन महिने झाले, नीट लागत नाही म्हणतोय.”

आम्ही दोघीही काही वेळ बोललो नाही. ट्रकचा रंगसुद्धा डोळ्यांपुढे येणाऱ्या या बाईनं दिव्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मराठीत किती नेमकी सोय आहे बघा: काळजी ‘करणं’ आणि काळजी ‘घेणं’. शब्द एकच, क्रियापद बदललं की काम बदलतं. दिवा, ब्रेक, हेल्मेट, निघताना एक मेसेज, हे घेणं. बाकीचं करणं. घेण्याच्या यादीतलं उरकलं की आपल्या हातात फक्त इच्छा उरते, ‘तो नीट यावा’. या इच्छेनं कुणी आजारी पडत नाही. ‘तो आलाच पाहिजे आणि मला अकरालाच खात्री पाहिजे’ हा हट्ट माणसाला दारात उभं करतो. असली खात्री जगात कुणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. तिच्याशिवाय जेवता-झोपता येतं, हे मात्र शिकता येतं.

सगळ्यांचं असं खुर्चीवर भागत नाही. झोप आणि भूक दोन आठवडे उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर कांड्या भरत बसू नका, डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी नंबर 2022पासून चालू आहे, फुकट आहे आणि रात्रीही लागतो. त्यावर मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

मावशी शेवटच्या भेटीला आल्या त्या फुरंगटून.

“काल मी झोपूनच गेलो, मॅडम. कवा आला ते कळलंबी नाही. सकाळी उठून भांडतोय माझ्यासंगट.”

“का?”

“म्हणतोय, आमटी झाकून ठेवायला नको होतीस काय? मांजरानं खाल्लं!”