स्लॅबवर पाणी कोण मारणार?

अगं, तुझा तो लांबलचक मेसेज पहाटे साडेपाचला चहा टाकता टाकता वाचला, म्हणजे तुझ्याकडं आयर्लंडला तेव्हा मध्यरात्र असणार, तू लिहून झोपलीस आणि इकडं माझा चहा उतू गेला. प्लॉटचा फोटो बघितला, फ्लॅटचं ब्रोशर पण बघितलं. पप्पा म्हणतात बांधूया, दाजी म्हणतात फ्लॅट घे आणि मोकळी हो, आई काहीच म्हणत नाही (हे मी लक्षात ठेवलंय, शेवटी येते त्यावर), आणि तू मला विचारतेस मॅडम बांधू की घेऊ.

मी काही इंजिनियर नाही. वॉर्डात तुला सलाइन लावायला शिकवलं एवढीच माझी पात्रता. पण मस्कतला चौदा वर्षं काढली आणि तिथं बसून इथं घर बांधलं, त्यामुळं तू ज्या खड्ड्याच्या काठावर उभी आहेस त्यात मी एकदा पडून आलेली आहे.

तू रेट विचारलेस, स्क्वेअर फुटाला किती, फ्लॅट परवडेल का बंगला. ते नंतर. मला आधी एकच सांग, स्लॅबवर पाणी कोण मारणार?

हसू नकोस. माझी गोष्ट ऐक. आमचा स्लॅब टाकला एप्रिलात. स्लॅब टाकायच्या दिवशी सगळे असतात, मिक्सर असतो, पंधरावीस माणसं असतात, नारळ फुटतो, जेवण असतं, मला मस्कतला फोटो आले, मी ड्युटीवर सगळ्यांना मिठाई वाटली. खरं काम दुसऱ्या दिवसापासून असतं आणि तिथं कुणी नसतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही गं, ते पाण्यानं घट्ट होतं, त्याला ओलं ठेवावं लागतं, साधं सिमेंट असेल तर किमान सात दिवस आणि आता मिळतं ते राखमिश्रित पीपीसी असेल तर दहा तरी, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात मी म्हणेन त्याहून जास्तच. स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून वाफे करतात, त्यात पाणी भरून ठेवतात, आटलं की परत भरायचं. आमचा स्लॅब टाकला आणि तिसऱ्या दिवशी ज्योतिबाची चैत्र यात्रा. सगळे बिगारी सासनकाठीमागं डोंगरावर. काँट्रॅक्टरचा फोन बंद. मग आमचे आण्णा, वय ६७, गुडघे दुखतात म्हणून जिन्यानं सुद्धा धरून चढणारे, ते बांबूच्या शिडीवरून पाइप खांद्यावर घेऊन वर गेले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी उतरताना पाय घसरला, मनगट मोडलं.

मला चार दिवसांनी कळलं. आई म्हणाली तू तिकडं टेन्शन घेशील म्हणून सांगितलं नाही. मी रडायलाच लागलो. (हो, लागलो. मस्कतला पुण्याच्या सिस्टर मला हसायच्या, तुम्ही कोल्हापूरच्या बायका मी आलो मी गेलो काय म्हणता म्हणून. लिहिताना मी सुधारून लिहिते, पण त्या दिवशीचं सुधारता येत नाही.)

आणि मधले जे दिवस स्लॅब कोरडा तापला ते अजून घरात आहेत. हॉलमध्ये पंख्याच्या डाव्या अंगाला एक ओल येते, दर जुलैला, आधी चहाच्या कपाचा डाग पडतो तेवढी, ऑगस्टपर्यंत ताटाएवढी. दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, वर चायना मोझॅक केलं, थोडी सरकते पण येतेच. इंजिनियर म्हणाला केसासारख्या चिरा आहेत, सुरुवातीला पाणी कमी पडलं की असं होतं. आण्णा होते तोवर त्या डागाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि वर बघायचेच नाहीत.

तर बांधायचं म्हणजे हे. पाया खणताना मुरूम लागला का काळ्या मातीतच थांबले हे बघायला माणूस पाहिजे, कारण नदीकडच्या काळ्या जमिनी पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात आणि वरच्या भिंती त्याबरोबर हलतात. सळई बांधून झाली की स्लॅबच्या आधी मोजायला माणूस पाहिजे, एकदा काँक्रीट पडलं की आत बारा एमएम आहे का दहा हे देवालाच माहीत. तू म्हणशील व्हिडिओ कॉल आहे की आता, तुमच्या वेळी नव्हता. बाई गं, व्हिडिओ कॉलवर प्रत्येक स्लॅब ओलाच दिसतो! फोन लागायच्या आधी दहा मिनिटं पाइप मारला की झालं.

आता तुझ्याकडं तो माणूस कोण? पप्पा. पप्पांना शुगर आहे, तूच लिहिलंयस, आणि उत्साह दांडगा आहे हे मला माहितीय, ते स्वतः शिडी चढणार. भाऊ पुण्यात. दाजी येतील, पण दाजी रविवारी येतील आणि काँक्रीट रविवारची वाट बघत नाही. पगार देऊन माणूस ठेवता येतो, आर्किटेक्टच्या ऑफिसचा साइट इंजिनियर ठरवता येतो, पण त्याला पैसे तू द्यायचे, काँट्रॅक्टरनं नाही, नाहीतर तो कुणाच्या बाजूनं बोलणार ते सांगायला नको. हा खर्च बजेटमध्ये कुणीच धरत नाही. तो धरून बघ आणि मग म्हण बंगला स्वस्त पडतो.

प्लॉटचं वेगळंच आहे. फोटोत मागं ऊस दिसतोय आणि एजंट म्हणतो दोन गुंठे आहे, एनए म्हणजे बिगरशेती होऊन जाईल. होऊन जाईल म्हणजे झालेलं नाही. तू परदेशात राहणारी, परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली तुला भारतात घर घेता येतं, फ्लॅट घेता येतो, दुकानगाळा घेता येतो, पण शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशानं आली तर ठेवता येते. त्यामुळं सातबाऱ्यावर जोवर शेती आहे तोवर त्या उसाकडं बघू पण नकोस. पप्पा शेतकरी आहेत, त्यांच्या नावावर घेता येईल म्हणतील, पण मग ती जमीन पप्पांची, पैसे तुझे असले तरी, आणि त्यांच्या मागं मृत्युपत्र नसेल तर भावाचा पण हक्क. तुला चालत असेल तर उघड बोलून घे. न बोलता करू नकोस, पुढं भावाबहिणीत कोर्ट होतं.

आणि तो प्लॉट नदीच्या अंगाला आहे, हे फोटोत दिसत नाही, पण मला रस्ता ओळखता आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका असतो, हे आपल्याला लहानपणापासून पाढ्यासारखं पाठ आहे, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत, नागाळा पार्कात, व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्या, शिरोलीला हायवे कितीतरी दिवस बंद. २०२१ ला परत तेच. तुम्ही परदेशातली पोरं येता डिसेंबरात नाहीतर मेमध्ये, तेव्हा कोल्हापुरातला प्रत्येक प्लॉट कोरडा आणि देखणा असतो. पूररेषेचा नकाशा बघायचा, निळ्या, म्हणजे नदीजवळच्या रेषेच्या आत असेल तर विषयच संपला, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असेल तर परवानगीला अटी लागतात आणि विकताना गिऱ्हाईक भाव पाडतं. पण नकाशापेक्षा पण सोपं म्हणजे शेजारच्या घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर आहे ते बघ. रंग मारला तरी म्हातारी माणसं हात वर करून दाखवतात, हितवर आलं होतं म्हणून. आम्ही पाचगावच्या बाजूला चढावर आहोत, पूर नाही, पण उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर येतो. सगळं मिळत नाही.

फ्लॅटचं मला कमी माहीत आहे, थोडक्यात सांगते. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघ, ताबा कधी देणार म्हणून लिहिलंय आणि ती तारीख किती वेळा पुढं ढकललीय ते तिथं दिसतं. अॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर द्यायचे नाहीत, कायद्यानंच त्याला घेता येत नाहीत, कितीही गोड बोलला तरी. काम चालू असलेला घेतलास तर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरात बसला तर १, आणि कंप्लीशन सर्टिफिकेट मिळालेला तयार घेतलास तर काहीच नाही. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषाला बिल्डर जबाबदार असतो. माझ्या हॉलमधल्या डागाला कोण जबाबदार? मीच! मला विचारशील तर तुझ्यासाठी तयार फ्लॅट, दुसरा किंवा तिसरा मजला, ज्यात दोन पावसाळे कुणीतरी राहिलेलं आहे. भिंतीला हात लावून बघता येतो.

पैसे मात्र सगळे बँकेतून, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांची इथल्या बँकेत असतात त्या खात्यांतून. इथं अजून 'थोडे वरचे कॅश' म्हणणारे आहेत. तुझ्याकडं कॅश येणार कुठून, नाइट शिफ्टचा एकेक युरो बँकेत दिसतोय, आणि जे कागदावर दिले नाहीत ते उद्या विकून परत तिकडं न्यायची वेळ आली तर कागदावर येणारच नाहीत. आणि विकणारा इथलाच असला आणि किंमत ५० लाख किंवा वर गेली तर १ टक्का टीडीएस तू कापून भरायचा असतो. विकणारा पण परदेशात राहणारा निघाला तर टीडीएसचं गणित सगळंच बदलतं, तेव्हा टोकन द्यायच्या आधी सीएला फोन कर.

आता एक गोष्ट जी तुझ्या पप्पांना, दाजींना आणि त्या एजंटला, तिघांनाही माहीत नसणार. माझ्या भाच्याची बायको डब्लिनलाच नर्स आहे, तिच्याकडनं कळलं. तुमच्याकडं हेल्प टू बाय म्हणून योजना आहे ना, पहिल्यांदा घर घेणाऱ्याला नव्या घरासाठी ३० हजार युरोपर्यंत टॅक्स परत मिळतो ती. त्यात अट आहे की तुम्ही आधी कधी घर विकत घेतलेलं किंवा बांधलेलं नसावं, एकट्यानं किंवा कुणाबरोबर जोडीनं. फक्त आयर्लंडमध्ये असं नाही म्हटलेलं, जगात कुठंही. म्हणजे इथल्या कळंब्यातला वन बीएचके पण त्यात आला, आणि पप्पांबरोबर जॉइंट नाव लावलंस तरी आला. वारशानं आलेलं घर मोजत नाहीत. तू तिथं राहणार आहेस का पाच वर्षांनी परत येणार हे मला माहीत नाही, तुलाही पक्कं माहीत नसेल, पण तिथं घर घ्यायचं थोडं जरी मनात असेल तर इथं सही करायच्या आधी तिथल्या सॉलिसिटरला हे विचार. भाच्याच्या बायकोनं आधी इथं फ्लॅट घेतला, मग वाचलं.

पॉवर ऑफ अॅटर्नी शक्यतो देऊ नकोस, सुट्टी काढून स्वतः येऊन अंगठा आणि फोटो दे. द्यावीच लागली तर त्या एकाच मिळकतीपुरती दे, काम नेमकं लिहून, विकायचा अधिकार न देता. तिथल्या भारतीय दूतावासात सही करून घे आणि इथं कागद पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प करून घ्यावा लागतो, ते पप्पांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर कपाटात पडून राहतो.

तिकीट काढशील तर ऑगस्टचं काढ. सणासुदीला गावी येते सांग, कुणाला काही वाटणार नाही. पावसात प्लॉटवर जाऊ, चप्पल रुतते का बघू, मग त्या फ्लॅटच्या टेरेसच्या खालच्या मजल्यावर जाऊ, छत बघू. मी येईन बरोबर, मला आता ओल लांबूनच वासावरून कळते.

आणि आईचं. ती गप्प आहे म्हणजे तिला काहीतरी म्हणायचं आहे आणि पप्पांसमोर म्हणायचं नाही. तू फोनवर विचारू नकोस, ती 'तुम्ही ठरवा ते' म्हणेल. तिला चार दिवस माझ्याकडं पाठव, अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून. आमच्या घरात वरच्या खोलीपर्यंत सोळा पायऱ्या आहेत, झोपायला तिला वरच देते. दिवसातून किती वेळा चढते, कुठल्या पायरीवर थांबते, ते बघते आणि तुला कळवते.