पाळीव प्राणी : तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : लेकीच्या हट्टापायी लॅब्रॅडॉर घेतोय. विक्रेता म्हणतो, पिल्लू 35 दिवसांचं आहे, लहान नेलं की लळा लागतो. हायवेवरच्या हॉटेलपाशी आणून देतो. घ्यावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नको. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, शिवाय ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. लळा काय, नंतरही लागतो, चपला कुरतडून झाल्या तरी लागतो! आई-भावंडांत राहूनच पिल्लू दात किती जोरात लावायचे ते शिकतं. माझ्या दवाखान्यात पार्वो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) घेऊन येणारी पिल्लं बहुतेक अशीच कोवळी, रस्त्यात हातात ठेवलेली असतात.

तुम्हीच ब्रीडरकडे जा, पिल्लाची आई पाहा. दाखवायला टाळाटाळ झाली की सरळ उठा. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा दोष आनुवंशिक असू शकतो, म्हणून आईबापांचे एक्स-रे मागा. केनेल क्लबचा (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही.

घरी आणल्यावर सुरुवातीला ब्रीडरकडचंच खाणं द्या. एकदम दूध-पोळी सुरू केली की पोट बिघडतं. लसीचे डोस पुरे होईपर्यंत बागेत खाली सोडू नका, कडेवर फिरवा. रात्री रडेल, टोपली पलंगाजवळ ठेवा. आणि हट्ट लेकीचा असला, तरी पहाटेचा फेरा तुमच्याच वाट्याला येणार, हे धरून चाला.