एकूण कोलेस्टेरॉलवर थांबू नका

धमन्यांत कोलेस्टेरॉलचे थर (प्लाक) कसे साचतात याचा प्रयोग सुरू करण्याआधी प्राणी नीट निवडा, बाकीचं नंतर. साध्या उंदरात सीईटीपी, म्हणजे एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल इतर कणांकडे नेणारं प्रथिन, नसतं; बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच, म्हणजे ‘चांगल्या’ कणांतच असतं. म्हणून त्याच्या धमन्या सहसा स्वच्छ राहतात. सशात सीईटीपी भरपूर. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला की काही आठवड्यांतच रक्तात बीटा-व्हीएलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉलनं भरलेले घातक कण, साचतं. कोलेस्टेरॉल खाऊ घातल्यानं धमन्यांत प्लाक होतो हे १९१३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अनिचकोव्ह यांनी सशांवरच दाखवलं होतं. वाटानाबे या आनुवंशिक दोष असलेल्या जातीच्या सशांत मात्र साध्या आहारावरही एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) चढतं, कारण रक्तातून एलडीएल उचलणारा रिसेप्टरच सदोष.

आणि हे मनापासून सांगतो: रक्तातले आकडे लवकर चढून स्थिरावतात, प्लाक मात्र वाढतच राहतो. शेवटच्या दिवशीचा एकच नमुना घेऊ नका. सुरुवातीपासून ठरावीक अंतरानं, उपाशीपोटी घ्या आणि प्रत्येक वेळी कोलेस्टेरॉलचे अंश (एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल) वेगळे करून मोजा.